पोरगी पसंत, पण चॅटरबॉक्स

मी खूप बोलते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाची तक्रार नको. लहान असताना शेजारच्या बाया मला मुद्दाम ओट्यावर बसवून बोलायला लावत आणि ‘भारी बोलकी हाय पोरगी’ म्हणून हातावर मुरमुरे ठेवत. शाळेत गेले तेव्हा मी तेवढंच बोलत होते, पण शब्द बदलला आणि मी बडबडी झाले. फ्रॉक जाऊन ओढणी आली तशी वटवट करणारी झाले, आणि पवनीला कॉलेजात जायला लागल्यावर तर थेट तोंडाळ. बोलणं तेच, बोलणारी तीच, फक्त वयाप्रमाणे लोक शब्द बदलत गेले.

आमच्या मोठेबाबांचं, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाचं, तोंड सकाळच्या चहाला जे सुरू व्हायचं ते खाटेवर पडेपर्यंत थांबत नसे. पण त्यांना आमच्या गावात, अड्याळात, कोणी कधी बडबडे म्हटलं नाही. त्यांना सगळे जाणते म्हणत. पुरुषाला वाचाळ म्हणवून घ्यायचं असेल तर आधी सरपंचकीला उभं राहून पडावं लागतं, बाईला नुसतं शेजारणीशी विहिरीवर उभं राहिलं तरी पुरतं. ह्या गोष्टीचा मला तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो.

बाबा अगदी उलटे. दोघा भावांचं घर आणि चूल एकच, पण वाटण्या झाल्या तेव्हा धानाचं वावर अर्धं-अर्धं झालं, बोलणं मात्र सगळंच्या सगळं मोठेबाबांकडे गेलं असावं. आईचं एकच पालुपद होतं, ‘तोंड आवर माय.’ भात उपसताना, केस विंचरताना, मी झोपेत बरळले तरी. शाळेतल्या बाईंनी तर एकदा शक्कल लढवून मला वर्गाची मॉनिटर केलं. बडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची असल्यामुळे मी तरी गप्प बसेन असा त्यांचा हिशेब. मी नावं लिहायचे, पण मोठ्याने वाचत वाचत, आणि कोण काय बोलत होतं त्याच्या खुलाशासकट. तास संपायच्या आत बाईंनी माझ्या हातातला खडू परत घेतला.

दिवाळी झाली, हलक्या धानाची कापणी उरकली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, पाळणे, जिलेबी आणि रात्री नाटक. घरोघरी पाहुणे येतात, आणि ज्यांच्या घरी लग्नाची पोरगी आहे त्यांच्याकडे जरा जास्तच येतात. ‘पोरगी पाहायला आलो’ असं कोणी म्हणत नाही. सगळे मंडईलाच आलेले असतात, पाळण्यात मात्र कोणी बसत नाही.

त्या वर्षीच्या मंडईला आमचे फुफाजी, म्हणजे आत्याचे यजमान, असेच काही पाहुणे घेऊन आले. लग्नं जुळवणं हा फुफाजींचा शौक. भंडारा जिल्हा एक होता तेव्हापासूनच्या त्यांच्या ओळखी. पुढे गोंदिया वेगळा झाला, पण फुफाजींनी आपला मुलूख काही वाटून दिला नाही. तिरोड्याचा पोरगा लाखांदूरला आणि लाखांदूरची पोरगी देवरीला, असं त्यांचं चालूच होतं. ह्या वेळी त्यांनी बपेऱ्याकडचा पोरगा आणला होता. तो तुमसरात एका कॉन्व्हेंटात शिकवायचा. आमच्याकडे इंग्रजी शिकवणाऱ्या कुठल्याही शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात, मग ती टिनाच्या शेडमध्ये का भरत असेना. सोबत त्याची आई होती आणि एक काका होते.

जयभीम झाला, पाणी झालं, आलूबोंडे झाले. मला चहा घेऊन पाठवताना आईने माझं मनगट धरलं. “इचारतीन तेवढंच सांगजो. एका शब्दात.”

पोराच्या आईने विचारलं, “भाजी कोनती चांगली जमते तुले?”

“वांग्याची,” मी म्हणाले.

एका शब्दात झालं. दाराआड आईने सुटकेचा श्वास टाकलेला मला ऐकू आला. पण त्यानंतर कोणीच काही विचारेना. सगळे कपातल्या चहाकडे पाहत बसले. असली शांतता माझ्याने सोसवत नाही. कोणीतरी ती भरायला हवी असं वाटलं आणि दुसरं कोणी पुढे येईना. म्हणून मी सांगितलं की यंदा आमच्या वाडीतल्या वांग्यांना कीड लागली, कारण मोठेबाबांनी दुकानदाराशी तासभर बोलून आणलेलं महागाचं औषध नेमकं वाऱ्याच्या दिवशी फवारलं, ते सगळं उडून शेजाऱ्याच्या वाडीत गेलं, त्याची वांगी अशी झकास आली की त्याने त्यातली टोपलीभर आम्हालाच भेट आणून दिली, आणि मोठेबाबांनी ती रागाने परत पाठवली, तर मोठ्याईने, म्हणजे मोठेबाबांच्या बायकोने, मागच्या दाराने परत आणवली, आणि आज दुपारी तुम्हाला वाढायची आहेत ती तीच.

पोरगा हसला. चहा बशीत सांडला, बशीतून पॅन्टवर, तरी हसतच होता. आणि हसताना त्याने मान खाली घातली नाही, माझ्याकडे बघूनच हसला. मला तो तिथेच आवडला. ही गोष्ट मी मनातच ठेवली. मैत्रीण, शेजारची वहिनी आणि कपडे शिवणारी काकू सोडली तर कोणाला म्हणून बोलले नाही.

पाहुणे गेले. आम्ही निरोपाची वाट पाहू लागलो. म्हणजे बाकीचे वाट पाहत होते आणि मी वाट पाहण्याबद्दल बोलत होते. असला निरोप फोनवर द्यायचा नाही हा फुफाजींचा दंडक. ते एके दिवशी आत्याला घेऊन स्वतः आले, भंडाऱ्याला बस बदलून, घामाघूम होऊन. पाणीसुद्धा न पिता म्हणाले, “आधी सांगून टाकतो, नाईतं इसरून जाईन. पोरगा म्हनते, पोरगी पसंत हाय.”

आत्याने हात जोडले.

“पन,” फुफाजी म्हणाले, “पोरगी चॅटरबॉक्स हाय.”

मग बाबांनी हळूच विचारलं, “म्हंजे काय जी?”

“ते मले काय मालूम? कॉन्व्हेंटातला शब्द हाय. मी तं तुमसरपासून घोकत आलो. बाजूले एक जन बसला होता, तो त्याच्या म्हशीच्या गोठी सांगे, आन मी मनातल्या मनात चॅटरबॉक्स, चॅटरबॉक्स. त्याले वाटलं म्हशीचं नाव इचारून राहिलो.”

न समजणारा शब्द आमच्या घरात फार वेळ तसाच पडून राहत नाही. मोठेबाबा होते ना. त्यांनी नुकताच मोठा मोबाइल घेतला होता, त्यावर रोज सकाळी ते सगळ्या नातेवाइकांना गुलाबाची फुलं पाठवत, त्यामुळे नव्या जमान्याचं सगळं त्यांनाच कळायचं. त्यांनी डोळे मिटले, मांडी बदलली आणि शब्द सोडवायला घेतला.

“चॅट म्हंजे काय? मोबाइलवर पोट्टे-पोट्टी करून राहतात ते. टीच करनारा तो टीचर. तं चॅट करनारी ते कोन? चॅटर. आन बॉक्स म्हंजे इनबॉक्स.” त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. “कोनासंग चॅटिंग करून राहिली तू इनबॉक्समंधी?”

व्याकरणात कुठेही चूक नव्हती. तीच तर पंचाईत होती.

माझा मोबाइल मागवण्यात आला. तो बटनाचा होता, आणि त्यातलं चारचं बटन कधीचं गेलेलं होतं, त्यामुळे जी, एच आणि आय ही तीन अक्षरं माझ्या मेसेजात येतच नसत. अशा मोबाइलवर प्रेम करायचं तर पोराचं नावही नीट बघून निवडावं लागलं असतं. मोठेबाबांनी चष्मा लावून इनबॉक्स उघडला. पहिलाच मेसेज वाचून त्यांचा चेहरा लाल झाला.

“डिअर! पाहा, पाहा. डिअर लिवते हा.”

“मोठेबाबा, पुढे कस्टमर आहे. रिचार्ज संपल्याचा मेसेज आहे तो.”

“आन हा? ह्यात बी डिअर. रोज हाय. सकाळी बी हाय, दुपारी बी हाय.”

“कंपनीचे आहेत ते सगळे.”

“कंपनीचे? मालक कोन हाय त्या कंपनीचा? लग्न झालं हाय का त्याचं?”

मला हसू आवरेना, आणि माझं हसू बघून त्यांना राग आवरेना. मी म्हटलं, मोठेबाबा, चॅटरबॉक्स म्हणजे बडबड्या माणूस, कॉलेजात कुठल्याशा धड्यात आला होता हा शब्द. त्यावर ते म्हणाले, “तुले आधीपासून मालूम होता? म्हंजे तुले याच्या आधी बी कोनी म्हनलं होतं!” पुढे काय बोलणार? जास्त बोलणाऱ्या माणसाचं हेच होतं. रोजचं इतकं बोलणं लोक ऐकून घेतात की मोलाचं काही सांगायला जावं तर त्यांचे कान आधीच किटलेले असतात.

मोबाइल मोठेबाबांच्या उशाखाली गेला. पुढच्या रविवारी पाहुण्यांना बोलावून ‘आमच्या पोरीवर आळ काहून घेतला’ ह्याचा खुलासा मागायचा असं ठरलं. आणि तोवर मी तोंड उघडायचं नाही, कोणाशीही, कशाबद्दलही.

खरं सांगते, ह्या चॅटिंगच्या आळाची मला तेव्हा मौजच वाटत होती. आळ इतका खोटा होता की तो अंगाला चिकटेचना. मला रडवलं ते त्या शब्दाच्या खऱ्या अर्थाने. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनीकडे तिच्या पोराची शाळेची डिक्शनरी पडली होती, ती मी सहज चाळली. त्या शब्दापुढे मराठीत लिहिलं होतं, ‘वाचाळ, बडबड्या.’ वाचाळ आधी. मी पान मिटलं. ‘बोलकी’ कुठेच नव्हतं. माझी वांग्याची गोष्ट ऐकून पॅन्टवर चहा सांडेपर्यंत हसणारा माणूस बपेऱ्याला घरी जाऊन शांतपणे म्हणाला होता, पोरगी पसंत, पण वाचाळ. म्हणजे तो माझ्यासोबत हसला नव्हता, मला हसला होता. अख्ख्या गावाने तोंडाळ म्हटलं तरी मला कधी काही वाटलं नव्हतं. ह्या एकाने म्हटलेलं मात्र फार लागलं.

आणि हे बोलायचं कोणाशी? तोंड बंद ठेवायचा हुकूम होता. पहिल्यांदाच मला तो मोडावासाही वाटला नाही. मी गप्प बसून धान वाळवलं, गप्प बसून भांडी घासली. मोठ्याई दोनदा कपाळाला हात लावून ताप बघून गेली.

रविवारी पोरगा, त्याची आई आणि काका आले, सोबत फुफाजी आणि आत्याही. ह्या वेळी मंडईचं निमित्त नव्हतं, त्यामुळे आलूबोंडेही नव्हते, नुसता चहा. मी आतल्या खोलीच्या दाराआड उभी होते. मोठेबाबांनी घसा साफ केला आणि सरळ विचारलं, “आमची पोरगी कोनासंग चॅटिंग करून राहिली, ते सांगा जी तुमी. नाव सांगा.”

पोरगा गांगरला. “कोण चॅटिंग करते काकाजी?”

“तुमीच म्हनलं. चॅटरबॉक्स.”

मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने हसू गिळण्याचा जो प्रयत्न केला तो मला फटीतून स्पष्ट दिसला. “नाही जी. त्याचा मोबाइलशी काही संबंध नाही. खूप बोलणाऱ्याले म्हणतात तसं.”

“म्हंजे वाचाळ!” मोठेबाबा म्हणाले. एक मुद्दा हातचा गेला तर त्यांनी लगेच दुसरा धरला. आता ते पहिल्यापेक्षा जास्त रागावले होते. “आमची पोरगी वाचाळ हाय म्हनता?”

मी दाराची कडी घट्ट धरून ठेवली. हेच मला ऐकायचं होतं आणि हेच ऐकायची भीती वाटत होती.

“वाचाळ नाही काकाजी,” तो म्हणाला. “डिक्शनरीत काय आहे ते मले माहीत आहे. पण आमच्या घरी तो शब्द रागाचा नाही. माझ्या बहिणीले आम्ही म्हणत होतो चॅटरबॉक्स. ते बोले तं घरात आवाज राहे. तिचं लग्न झालं अन् आता आम्ही मायलेक दोघंच. जेवताना फक्त ताटाचा आवाज येते. शाळेत पहिलीतल्या पोराइले बी मी तसंच म्हणतो. लाडाचं म्हणणं आहे जी ते.”

त्याच्या आईने मान हलवली. “लाडाचंच हाय. मले तं बोलता बी येत नाई तो शब्द.”

मोठेबाबांनी पुन्हा मांडी बदलली. मग त्यांना शेवटचं हत्यार सापडलं. “मंग ‘पन’ काहून म्हनलं? पोरगी पसंत हाय, पन. लाडाच्या गोठीले ‘पन’ लागते का?”

“मी ‘पण’ म्हटलंच नाही,” पोरगा म्हणाला. “मी म्हटलं, पोरगी पसंत आहे, एकदम चॅटरबॉक्स आहे.”

सगळ्यांच्या माना फुफाजींकडे वळल्या. फुफाजी उपरण्याने तोंड पुसायला लागले. “मधात कायतरी होतं एवढं ध्यानात होतं,” ते म्हणाले. “सारं ध्यान त्या इंग्रजी शब्दावर. मराठीतलं कोन घोकून ठेवते? भंडाऱ्याले बस बदलता बदलता ते गळलं. मंग रिकामं कसं ठेवाव, म्हून ‘पन’ लावला.”

आत्याने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती बघून मला फुफाजींची दया आली.

आता मोठेबाबांकडे काहीच उरलं नव्हतं, आणि पाहुण्यांसमोर असं रिकाम्या हाताने बसणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. म्हणून ते मोठ्या मनाने म्हणाले, “ठीक हाय. मंग पोरीलेच इचारून घेऊ. ये वो बाहेर. सांग, तुले पसंत हाय का?”

मी दारात येऊन उभी राहिले. सगळे माझ्याकडे पाहत होते. तोही. आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. आठवडाभर दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं होतं, राग, रडू आणि आत्ताच ऐकलेलं ते लाडाचं. सुरुवात कुठून करावी तेच कळेना. कमी बोलावं तर मनातलं राहतं, जास्त बोलावं तर मोठेबाबांचं वाचाळ खरं ठरतं. मी पदराशी चाळा करत उभी राहिले.

दुसऱ्या कोणत्याही पोरीने असं केलं असतं तर लाजली म्हणून सगळ्यांनी एकमेकांना पेढे भरवले असते. गप्प बसणं म्हणजेच होकार, हा सगळ्या पोरींचा नियम. पण मी पडले मी. आत्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि हळहळून म्हणाली, “नाई जी. हे चूप हाय म्हंजे हिच्या मनात नाई. मनात असतं तं हे आतावर चूप रायली असती का?”

सगळ्यांना ते पटलं. बाबांनाही पटलेलं दिसलं. पोराच्या आईने पिशवी उचलली. काका उठले. तो सगळ्यांच्या मागे उठला, दारात गेला आणि खाली मान घालून चपला शोधायला लागला. उजवा पाय डाव्या चपलेत घातला, पुन्हा काढला.

“मी नाही म्हटलं का?” मी ओरडलेच. “मला विचारलं तर थोडा वेळ तरी द्याल की नाही? मला पसंत आहे. मंडईच्या दिवशीच पसंत होता, चहा सांडला तेव्हाच. पण आधी मला हे सांगा, लाडाचा शब्द किती दिवस लाडाचा राहतो? मला लहानपणी सगळे बोलकी म्हणायचे, आता तोंडाळ म्हणतात, आणि मी तर तेवढंच बोलते. इथून चॅटरबॉक्स म्हणून न्याल आणि चार वर्षांनी कोणी पाहुणे आले की माझ्याकडे डोळे वटाराल, गप्प बस म्हणाल, तर मला नको. मला गप्प बसता येत नाही. ह्या आठवड्यात बसून पाहिलं, मला वाटलं माझं काही दुखायला लागलंय…”

“बस झालं,” मोठेबाबा म्हणाले. “समजलं साऱ्याइले. पाहुन्याइसमोर किती बोलाव? जाय आत.”

“बोलू द्या जी तिले.”

आवाज स्वयंपाकघराच्या दारातून आला. आई उभी होती, हाताला कणीक, डोक्यावर पदर. धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिराशी बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून आई मोठेबाबांशी एक शब्द थेट बोललेली नव्हती. त्यांचं जेवण वाढून झालं तरी मला हाक मारून, ‘तुझ्या मोठेबाबाले सांग, ताट वाढलं’ असं म्हणायची, आणि ते समोर बसून ऐकत असायचे. मोठेबाबा तिच्याकडे बघतच राहिले. बाबा तर उठून उभेच राहिले.

“माह्या टायमाले मले कोनी इचारलं नोतं,” आई म्हणाली. बोलता बोलता ती हातावरची कणीक खरवडत होती, पण थांबली नाही. “मी चूप होती, तं साऱ्याइनं समजून घेतलं का ‘हो’ हाय. आजवर तसंच समजून राहिले. हिले बोलू द्या.”

मग आईने माझ्याकडे पाहिलं.

“बोल माय,” ती म्हणाली. “तुले काय पायजे ते सांग त्याइले.”

मी डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्याने चपला काढल्या आणि परत येऊन खाली बसला.